मास्तरांचा शंभरचा वेग

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अपघातात पाय मोडून ते पलंगावर पडले, तेव्हापासून घर विमा कंपनीच्या भत्त्यावर चाललं होतं. त्यात एकच मेख होती: पोलिसांनी बेदरकारपणाचा गुन्हा लावला की भत्ता बंद! आणि आमचे नवरोबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "शंभरच्या वेगात होतो, समोरून ट्रक आला, अशी झोकात वळवली गाडी!"

कसला ट्रक नि कसलं काय. ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात गाडी लावताना ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि भिंतीवर आदळले. हे फक्त त्यांना माहीत, मला माहीत आणि त्या भिंतीला.

जबाब घ्यायला हवालदार आले, तेव्हा नेमके वरच्या मजल्यावरचे काका चहा पीत बसलेले. आगीत तेल ओतायला कुणीतरी लागतंच.

"लिहा साहेब, शंभर!" काका म्हणाले. "काय हिंमत आमच्या मास्तरांची!"

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? रोज ऐकतोय."

हवालदारांनी पेन उघडलं. मी ह्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ह्यांनी आधी काकांकडे पाहिलं, मग छताकडे, आणि पुटपुटले, "गाडी लावत होतो. पाय चुकला."

काकांचा कप हातातच राहिला.

"मग गुन्हा कसला? साधी चूक," हवालदार म्हणाले.

झालं! मास्तरांच्या नाकाला मिरची झोंबली. "साधी? अर्ध्या गावाला गाडी शिकवली मी! निदान थोडा बेदरकारपणा तरी लिहा!"

"अहो, मग खायचं काय? तुमची ऐट?" मी ओरडलेच.

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "भिंत जवळ आली तेव्हा घाबरलो, साहेब. शिकणाऱ्या मुलांना सांगतो, घाबरू नका. आणि मीच डोळे मिटले."

इतक्या दिवसांत ह्यांनी हे मलाही सांगितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"घाबरण्याला कलम नाही," म्हणत हवालदारांनी सही घेतली.

काका दारापर्यंत गेले नि वळले. "मास्तर, पाय बरा झाला की सूनबाईला तुमच्याकडेच पाठवतो. ती स्टिअरिंगला हात लावायलाच घाबरते."