जाड स्टिक्सचा हट्ट

गेलं वर्षभर माझ्या भावाने माझं जे डोकं खाल्लंय, त्यावर एखादं कुटुंब जगलं असतं. आम्ही एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी वाजवतो. दादा गातो आणि कीबोर्ड वाजवतो, जोडीला एक गिटारवाला, आणि दादाच्या पाठीमागे मी ड्रमवर. आणि त्याचा एकच धोशा, "वाजव की जरा! ऐकू येत नाही."

आता जेवणाच्या हॉलमध्ये ड्रम किती ऐकू यायला हवा? लोक तिथे जेवायला येतात, गप्पा मारायला येतात, भांडलेले असले तर समेट करायला येतात. त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला नको? म्हणून मी बारीक स्टिक्स वापरते, लहान टोकाच्या, वजनाला हलक्या. माझा हातच मुळात हलका आहे. मी ड्रमवर राग काढत नाही, तो काढायला घरात माणसं आहेत. मॅनेजर येऊन सांगतो, "मॅडम, थोडं हळू." दादा मान वळवून सांगतो, "जोरात!" आणि या दोघांच्या कात्रीत माझं मनगट. मध्यंतरी दादाच्या हट्टापायी जाड स्टिक्स वापरून पाहिल्या. मनगट असं सुजलं की डब्याचं झाकणसुद्धा उघडेना. ते त्याला दाखवलं, तर म्हणे सवय नाही म्हणून.

त्यात गाण्याची सुरुवात. मी दोन स्टिक्स एकमेकींवर चार वेळा आपटते, की सगळ्यांनी उचलायचं. गिटारवाला बरोबर उचलायचा आणि दादा घोडं अडल्यासारखा मागे राहायचा. वर खापर माझ्या डोक्यावर. परवा तर वहिनीसमोर म्हणाला, "स्टिक्स बदल, नाहीतर मी दुसरा ड्रमर बघतो."

दुसरा ड्रमर! शाळेत होते तेव्हापासून मी याच्या पाठीमागे बसून वाजवतेय. आधी पत्र्याचे डबे, मग ड्रम. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

"चल," म्हटलं, "दुकानात चल. एकदाचा तुझ्या मनासारखा सोटा घेऊ."

दुकानदार आमच्या ओळखीचा. त्याने मला विचारलं, "काय वाजवता हल्ली? हॉलमध्ये की मैदानावर? टोक लाकडाचं हवं की नायलॉनचं?" सगळ्या प्रश्नांची उत्तरं दादाने दिली. जणू हात त्याचे होते. "जाड द्या. सगळ्यात जाड. हिचं वाजवणं मेलं शेजारच्या माणसाला ऐकू येत नाही."

दुकानदाराने जाड स्टिक्सचा गठ्ठा काढला. एकेक काचेवर घरंगळत सोडली. वाकडी असेल ती अडखळते, ती बाजूला. मग तो जोड्या लावायला बसला. लाकूड लाकडासारखं नसतं, एक स्टिक उंच सुरात वाजते, एक खाली. बेजोड घेतल्या तर एकाच ड्रमवर डावा हात वेगळा बोलतो, उजवा वेगळा. म्हणून तो एकेक स्टिक काउंटरवर आपटून ऐकत होता. त्याने दोन उचलल्या. टिक. ठक. कुणालाही कळावा इतका फरक.

"झाली जोडी," दादा म्हणाला. "बांधा."

दुकानदार हसला. "चेष्टा करताय का साहेब?"

मीही हसणार होते. हा माणूस स्वयंपाकघरात चमचा पडला तरी बाहेरून त्याचा सूर सांगायचा, वहिनीला वीट येईपर्यंत. पण दादा हसत नव्हता.

"दादा, नीट ऐक," मी म्हटलं. "परत वाजवा हो."

टिक. ठक.

दादा स्टिक्सकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकवावं तसा तो माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होता. दुकानदाराने, त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, तिसऱ्यांदा एकच स्टिक दोनदा आपटली. टिक. टिक.

"हां, वेगळ्या आहेत," दादा घाईघाईने म्हणाला. "आता कळलं."

दुकानदार गठ्ठा आवरायला लागला. मी दादाला दंडाला धरून बाहेर फुटपाथवर आणलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दादा, मी आधीच तापलेय. कधीपासून ऐकू येत नाही?"

तो रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सगळंच नाही गेलं. खालचे सूर येतात. वरचं, बारीक असं काही येत नाही. तुझ्या चार टिचक्या येत नाहीत. मान वळवून बघतो, तुझे खांदे थांबले की अंदाजाने सुरू करतो. आधी वाटायचं, तूच कमी वाजवायला लागलीस."

"आणि नंतर?"

"नंतर वाटलं, जाड स्टिक्सने येतील."

मी कपाळावर हात मारला. वर्षभर! माझं मनगट, माझी झोप, वहिनीसमोरचा तो अपमान. "अरे, मग माणसासारखं सांगायचं की! मी काय पेपरात छापणार होते?"

"सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस," तो म्हणाला. "आणि तो म्हणाला असता, गाणं बंद."

इतका राग आणि इतकी माया एकदम आली की कुणाला आधी वाट द्यावी कळेना. मी परत आत गेले आणि माझ्या नेहमीच्याच बारीक स्टिक्सची नवी जोडी घेतली.

संध्याकाळी मी ड्रम ओढत त्याच्या पाठीमागून त्याच्या समोर आणला. मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडल्या, पडू देत. हात डोक्याच्या वर नेले आणि दादाला दिसतील अशा चार वेळा स्टिक्स आपटल्या. दादाने बरोबर उचललं. इतकं बरोबर की गिटारवाल्याने दचकून मागे पाहिलं.

गाणं संपलं. टाळ्या चालू असताना मी त्याच्याकडे बघून सांगितलं, उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे, मी बरोबर येतेय. नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही.

दादाने ओशाळून टेबलांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वाकला.

"अगं, हळू बोल," तो म्हणाला. "लोकांना ऐकू जाईल."