उघडा कॉल एकही नाही

बुधवारी सकाळी केरूनाना थेटे पोह्यांच्या बशीपुढे बसून उजव्या हाताची बोटं उघडत-मिटत होते. समोर त्यांची लेक ज्योत्स्ना घास घेता घेता घाईघाईत घड्याळ बांधत होती. सातपूरच्या एकाच कंपनीत दोघं कामाला. नाना सव्वीस वर्षं तिथे इलेक्ट्रिशियन. ती चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटर विभागात लागली आणि गेल्या वर्षी त्याची प्रमुख झाली.

“नव्या शेडमधल्या यूपीएसच्या पॅनेलला हात लावला की झिणझिण्या येतात,” नाना म्हणाले. “अर्थिंग सुटलंय कुठंतरी. तासभर समदं बंद करून दिलं तर मी नीट करतो.”

“मग कॉम्प्युटरवर कॉल टाका ना.”

“तीन टाकले.”

“मग सिस्टीम बघेल.”

“सिस्टीमला झिणझिण्या येत नाय, मॅडम.” घरात ते तिला मॅडम म्हणायचे ते चिडवायला.

“खाऊ द्या तिला,” आई आतून म्हणाली. “वायरी-बियरी तिकडं कंपनीत.”

“तेच म्हणते मी. कंपनीतलं कंपनीत, नाना.”

नाना हसले. डबा घेतला, एम-एटी गाडीला दोन लाथा घातल्या आणि गेले.

कंपनीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले ते चौऱ्याण्णव साली, चारच. कुणाचं यंत्र अडलं की आवारातूनच हाक जायची, नाना. ते पेचकस खिशात घालून यायचे आणि आधी प्लग बघायचे. दहापैकी सात वेळा प्लगच ढिला असायचा. मग कंपनी वाढली. एकाच्या तीन शेड झाल्या, चारचे दोनशे कॉम्प्युटर झाले. लोक नानांना कँटीनमध्ये घासावरून उठवू लागले. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, यावरून भांडणं होऊ लागली.

ज्योत्स्नाने २००६ साली यावर तोडगा काढला. तक्रार कॉम्प्युटरवर लिहायची. तिला कॉल म्हणायचं. सिस्टीम तक्रारीतले शब्द ओळखून तयार उत्तर मेलने पाठवणार. त्याने काम झालं नाही तर तसं उलट कळवायचं, म्हणजे माणूस येईल. दोन दिवसांत काही कळवलं नाही, तर काम झालं असं समजून कॉल आपोआप बंद. आणि उघड्या कॉलचा नंबर असल्याशिवाय कुठलंही यंत्र बंद करायला परवानगी नाही. पहिल्याच वर्षी शंभरातले शहाण्णव कॉल दोन दिवसांत मिटले, असा अहवाल निघाला. डायरेक्टरांनी कँटीनमध्ये तिला ढाल दिली. शेवटच्या रांगेत नाना खाकी गणवेशात उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शेडवरच्या माणसांना मात्र स्वतःची मेल नव्हती. प्रत्येक शेडला एक सामाईक नाव, तेलकट प्लास्टिकखाली झाकलेला एक कॉम्प्युटर, आणि पासवर्ड भिंतीवर पुठ्ठ्यावर लिहिलेला. कॉल टाकला की माणूस आपल्या मशीनकडे वळायचा. एकदा सांगितलंय म्हणजे कुणीतरी येईल, हीच तिथली रीत. मेल उघडायची असते हे कुणाच्या गावीही नसे.

‘यूपीएस’ हा शब्द वाचून सिस्टीमने नानांच्या तिन्ही कॉलना एकच उत्तर दिलं होतं: यूपीएस बंद करून पाच मिनिटांनी सुरू करा. ते कुणी वाचलं नाही. तिन्ही कॉल बंद झाले.

त्या बुधवारी अकराला भारनियमनात वीज गेली. नव्या शेडमधला यूपीएस ओरडू लागला. नाना त्याचा भोंगा बंद करायला गेले आणि त्यांचा हात पॅनेललाच राहिला.

दहावा गोदावरीवर झाला. दुसऱ्या दिवशी एच.आर.चे निमसे घरी आले. पाणीही न घेता सतरंजीवर बसले.

“आमच्याकडे अजून सगळे नानांचं एकच वाक्य म्हणतात, वहिनी,” ते आईला म्हणाले. “आधी प्लग बघा.”

आई पदराआड थोडंसं हसली. निमसेंनी तेवढा वेळ जाऊ दिला आणि बॅगेतून कागद काढला.

“नुसती वस्तुस्थिती आहे, मॅडम. पुढच्या आठवड्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत. विभागप्रमुख म्हणून तुमची सही लागेल.”

ज्योत्स्नाने वाचलं. अपघाताच्या दिवशी सदर यंत्राबाबत एकही कॉल उघडा नव्हता. कर्मचाऱ्याने हातमोजे न घालता, स्वतःच्या जबाबदारीवर यंत्रास हात लावला.

“खोटं नाय ना त्यात काही?” दिंडोरीहून आलेले पुंजाकाका म्हणाले. “मग कर पोरी सही. साहेब घरापर्यंत आले.”

खोटं काहीच नव्हतं, आणि तिच्या अंगाचा भडका उडाला तो त्यामुळेच. निमसेंच्या कडक इस्त्रीचा तिला राग आला. ‘सदर’ या शब्दाचा आला. काकांचा आला. सगळ्यांत जास्त नानांचा आला. सव्वीस वर्षं कुणाला न विचारता खांबावर चढणारा हा माणूस, नियम लेकीचा होता म्हणून तीनदा कॉल टाकून गप्प बसला. थेट साहेबाकडे गेला असता तर मशीन दहा मिनिटांत बंद झालं असतं. पण मग लोक म्हणाले असते, बघा, बापच पोरीचं ऐकत नाही.

“पहिलं वाक्य काढा,” ती म्हणाली.

“पण ते तर तुमच्याच सिस्टीममधून काढलंय.”

“तीन कॉल होते. तिन्ही मी बंद केले.”

“तुम्ही नाही हो. ते आपोआप—”

“आपोआप म्हणजे मीच. शेडवरची मेल कुणी उघडत नाही, हे मला दिवाळीपासून माहीत होतं. नियम बदलला असता तर शहाण्णवाचे साठ झाले असते. म्हणून नाही बदलला. हे लिहा. त्याखाली सही करते.”

निमसेंनी कागद मांडीवर उलटा ठेवला. “मॅडम, तुम्ही दुःखात आहात. आपण दोन दिवसांनी बोलू.”

“दोन दिवसांनी काही बोलायचं नाही. आत्ताच लिहा.”

“ज्योत्स्ना,” पुंजाकाका दबक्या आवाजात म्हणाले, “नोकरी जाईल.”

ज्योत्स्नाने निमसेंच्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं आणि मग आईकडे वळली.

“आई, त्या सकाळी नाना बोलले ते मला नीट ऐकू आलं होतं. समजलंही होतं. एक फोन केला असता तर यूपीएस बंद झाला असता. बापाचं काम आधी केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी नाही केला.”