रेव्हरंड थॅडियसचा न दुखणारा पाय

असे जवळ सरका, मागच्या बाकावर काय बसलाय! आमच्या मेकन गावच्या चर्चमध्ये घडलेली एक गोष्ट सांगते. तुम्हाला उलगडली तर मलाही सांगा.

आमच्याकडे उपदेश नुसता बोलत नाहीत. बोलता बोलता तो तापतो, पाळकाचा आवाज सुरात शिरतो आणि ऑर्गन त्याच्यामागे धावतो. ऑर्गन वाजवते मी. गाणारा उपदेश ऐकला की मी विरघळूनच जाते.

थॅडियस पेटिग्रू हा तरणा पोरगा पाळकाच्या रिकाम्या जागेसाठी आमच्याकडे उपदेश करायला येत होता. सुरात शिरण्याआधी त्याचा डावा गुडघा झटकन वर जायचा. मी म्हणायची, पवित्र आत्म्यानं उचलला! आणि तिथंच पट्ट्यांवर हात टाकायची.

त्याच पायाची नडगी त्याला शाळेपासून दुखायची. रात्री तर जीव नकोसा व्हायचा. अ‍ॅस्पिरिन घेतली की थांबायची. सगळे म्हणायचे, वाढीचं दुखणं. "मिस लव्हिनिया, आता आणखी किती वाढू मी?" असं तो मला विचारायचा. रविवारी उपाशीपोटी उपदेश करायचा, म्हणून गोळीही टाळायचा.

शेवटी मीच त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी स्कॅनवर दाखवलं, हाडात वाटाण्याएवढी गाठ. कॅन्सर नव्हे, साधीच, पण छळणारी. त्यांनी भूल दिली, स्कॅनवर बघत बघत सुई थेट गाठीत नेली आणि सुईचं टोक तापवून गाठ जाळून टाकली. मोठी चिरफाड काही नाही. संध्याकाळी पोरगा माझ्या गाडीत बसून पीच कॉबलर खात होता.

पुढं त्याचा फोन आला. "मिस लव्हिनिया, दुखत नाही."

"प्रभूची स्तुती असो!"

"हो. पण चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय. पाय कुठंतरी विसरून आल्यासारखं."

त्याच आठवड्यात, रविवारी, मंडळीचं मतदान होतं. उपदेश झाला की हात वर करायचे, थॅडियस पाळक हवा की नको.

त्यानं बायबलातली, प्रभूला हाका मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाची कथा घेतली. लोक त्याला गप्प बस म्हणाले, आणि तो आणखी मोठ्यानं ओरडला. इथंच सूर लागायचा! मी हात उचलून धरले. नजर त्याच्या गुडघ्यावर. गुडघा हलेना. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्या पायाकडे.

"आणि तो ओरडला..." थॅडियस पुन्हा म्हणाला.

"सावकाश घ्या, रेव्हरंड!" बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं.

"प्रभू, ह्याला हात दे!" चर्चचे कारभारी डीकन क्रेन्शॉ गरजले. आमच्याकडे हे असं उपदेश बुडायला लागला की म्हणतात.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गुडघा उचलत होती ती कळ! मग मी इतके दिवस कोणाच्या इशाऱ्यावर वाजवत होते? आत्म्याच्या, की त्या वाटाण्याच्या?

थॅडियसनं घाम पुसला. "मंडळी, माझं आता काही दुखत नाही. इथून पुढं कसं जायचं, मला ठाऊक नाही."

कोणी हसलं, कोणी "आमेन" म्हणालं. मला राहवेना. इशाऱ्याशिवायच मी पट्ट्या दाबल्या. त्यानं भलत्याच सुरात तोंड उघडलं. मी त्याच्या सुराकडे गेले, तो माझ्या सुराकडे आला, पुन्हा चुकामूक! अर्धी मंडळी उभी, अर्धी बसलेली. आणि मंडळीतली आमची सिस्टर ओडेसा मात्र ढसाढसा रडत होती. का, ते तिलाही सांगता येईना.

डीकननी हात वर करायला सांगितले. थॅडियस निवडून आला. दयेनं, की आत्म्यानं? माझाही हात वर होता. तो कोणी उचलला, मला अजून कळलेलं नाही.

दर रविवारी आम्ही दोघं त्या जागेपाशी येऊन अडखळतो. कधी सूर भेटतो, कधी नाही. तेव्हा बाबांनो, प्रार्थनेला बसाल तेव्हा थॅडियस पेटिग्रूची आठवण ठेवा. बिचाऱ्याचं काहीच दुखत नाही, आणि गायचं तर आहे.