एक मात्रा रिकामी

"हे काय?" अर्झीलिया टब्जने विचारलं.

"खंजिरी आहे, मिस अर्झीलिया," डोरियन यूबँक्स म्हणाला.

"ते दिसतंय. मोतीबिंदू काढलाय माझा. पण ती माझ्या हातात का?"

डोरियन चौतीस वर्षांचा, संगीतातला डॉक्टर. डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या सॅगिनॉ गावातल्या जुन्या सोल गाण्यांचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नाचत्या गाण्यांचा, सोहळा दुपारी तीनला नदीकाठच्या बागेत व्हायचा होता आणि त्याची सूत्रं डोरियनकडे होती. समितीने अर्झीलियाला सन्माननीय पाहुणी केलं होतं. सन्माननीय पाहुण्याला काम द्यायचं नसतं, हा नियम जगात सगळीकडे सारखाच. ड्रम वाजवायला डेट्रॉइटहून एक दाढीवाला आणला होता. चांगलं ते डेट्रॉइटहून आणायचं, हा सॅगिनॉचा स्वतःचा नियम.

अर्झीलिया अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दर रविवारी चर्चमध्ये ड्रम वाजवायची, शनिवारी लग्न असलं तर लग्नात. साठ वर्षांत तिचे हात दोनदाच थांबले, दोन्ही वेळा बाळंतपणासाठी. 'मिस' ही गावात वडीलधाऱ्या बाईला मानाने मारायची हाक.

तालीम सुरू झाली. गाणं गावाचं लाडकं, 'नदीपलीकडची पोर'. शेवटच्या ध्रुपदाआधीची जागा आली आणि वाद्यवृंद तिथून सरळ पुढे निघून गेला. अर्झीलियाचा हात हवेतच राहिला.

"एक मात्रा खाल्लीत तुम्ही."

"खाल्ली नाही, दुरुस्त केली. मूळ रेकॉर्डमध्ये तिथे चूक आहे, मिस अर्झीलिया. एक मात्रा जास्तीची आहे, नुसती रिकामी."

"माहीत आहे. माझीच आहे ती."

१९६७चा जुलै होता. रेकॉर्डिंग एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत, आणि माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखे बंद. शेवटच्या ध्रुपदाच्या तोंडाशी अर्झीलियाच्या घामेजल्या हातातून काठी निसटली. सगळे तिच्यासाठी एक मात्रा थांबले. तिने डाव्या हाताने ठोका देऊन गाणं सावरलं. दुसऱ्यांदा घ्यायला टेप उरली नव्हती. गायक लेमुएल गेन्स मरेपर्यंत सांगत राहिला, "बाईला ड्रमवर बसवलं की असंच होणार." हा लेमुएल नाव काढायला डेट्रॉइटला गेला आणि परत येऊन सॅगिनॉत सिटी बस चालवू लागला. पण बाईचा किस्सा त्याने बसमध्येही सोडला नाही.

तीन वर्षं ते गाणं रेडिओवर लागलं की अर्झीलिया रेडिओ बंद करायची. मग एका शनिवारी ओतकारखान्याच्या कामगारांच्या हॉलमध्ये तिला ते वाजवावं लागलं. ती जागा आली, तिने भीतभीत मान वर केली, तर तीनशे माणसं एक पाय उचलून उभी. कानांत कारखान्याची काजळी, अंगावर शनिवारचे कपडे आणि एक पाय अधांतरी. मात्रा सरली आणि तीनशे पाय एकदम खाली आले. टेबलांवरच्या बाटल्या वाजल्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून नदीच्या पूर्वेकडच्या कामगारवस्तीत परका माणूस ओळखायची ही खूण झाली. एका बापाने शेजारच्या फ्लिंट गावाहून आलेलं स्थळ नाकारलं होतं. म्हणाला, "मुलगा गुणी आहे हो, पण पाय लवकर टेकतो."

पुढे कारखाना बंद पडला. हॉल पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली. गाड्या मात्र आल्या नाहीत.

"गाणं लेमुएल गेन्सच्या मनात होतं तसं लोकांपुढे यावं," डोरियन म्हणाला.

"लेमुएलच्या मनात काय होतं ते मला विचार. ड्रमवर माझ्या जागी त्याला त्याचा मेहुणा हवा होता."

डोरियन जरा वरमला. "खरं सांगू? मला वाटलं, तुमच्यावरचा डागही पुसला जाईल."

"डाग माझा आहे. साबण मी मागितला का?"

"पण स्वरलिपी छापून झालीय, मिस अर्झीलिया."

"मग छापलंय ते वाजव," ती खंजिरी काखेत मारत म्हणाली. "बघू गाव वाचतं का."

तीनला बाग भरली. डुकराच्या बरगड्या भाजल्याचा धूर नदीवर जात होता. नाचायला लाकडी फळ्या टाकल्या होत्या आणि त्यांच्या कडेला खुर्च्या. पहिली खुर्ची व्हर्नेलची. ती पूर्वीच्या बास गिटारवाल्याची बायको. वय ऐंशी. खुब्याचा सांधा नवा, आणि डॉक्टरांनी नाचायला सक्त मनाई केलेली, म्हणून ती उठून फळ्यांवर उभी होती.

गाणं रंगलं. ती जागा आली. बागेतला एकेक पाय वर गेला आणि वाद्यवृंद छापल्याबरहुकूम पुढे निघून गेला.

पाय वरच राहिले.

चार-पाच आवर्तनं झाल्यावर वादकांच्या लक्षात आलं की समोर कुणीच नाचत नाही. बगळ्यांचा थवा उतरावा तसं सगळं गाव एका पायावर. महापौरसुद्धा; निवडणूक जवळ होती. एकेक वाद्य गप्प झालं.

"अरे ए प्रोफेसर!" व्हर्नेल खुर्चीची पाठ धरून ओरडली. "पाय खाली कधी ठेवायचा? माझा खुबा नवा आहे, फुकट आलेला नाही!"

"गाणं मागे घे, बाळा! मागे घे!" कुणीतरी चर्चमधल्यासारखी हाक दिली. मग सगळ्या बागेनेच ती उचलली.

डोरियनने हातातल्या कागदांकडे पाहिलं, मग अर्झीलियाकडे. तिने खंजिरी सन्माननीय पाहुण्याच्या खुर्चीवर ठेवली आणि ती ड्रमपाशी गेली.

"ऊठ रे बाळा," ती दाढीवाल्याला म्हणाली. "माणसं ताटकळलीत."

दाढीवाला उठला आणि त्याने दोन्ही काठ्या तिच्या हातात दिल्या. डोरियनने कागद मिटले. "शेवटच्या कडव्यापासून," तो वादकांना म्हणाला. "आणि त्या जागेवर... यांच्याकडे बघा."

कडवं संपत आलं. पाय उचलले गेले. अर्झीलियाने दोन्ही काठ्या वर घट्ट धरून ठेवल्या.

बागेत कसलाच आवाज नव्हता. तेवढ्या रिकाम्या मात्रेत व्हर्नेलच्या उचललेल्या पायातली चप्पल निसटली आणि फळीवर पडली. टप्प. ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मग अर्झीलियाने डावा हात खाली आणला.