पहिला भात

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं, तर शेजारची गावं सुटल्याचा सुस्कारा टाकतील. आचऱ्यापासून कुणकेश्वरापर्यंतच्या पट्ट्यात कुठेही समजा, फारसं चुकणार नाही.

त्या दिवशी देवाची समाराधना होती. म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या गावाने देवळात एकत्र जेवायचं. मानकरी सत्यवान यांच्या खळ्यात सकाळपासून बायकांची लगबग चालली होती. कुणी नारळ खवत होतं, कुणी काळे वाटाणे निवडत होतं. खळ्याच्या कडेला तांदूळ धुवायच्या नव्या रोवळ्या येऊन पडल्या होत्या. बांबूच्या त्या रोवळ्या दरवर्षी खालची वाडी विणून द्यायची. देवाचे तांदूळ त्यांतच धुतले जायचे.

"रोवळ्यांवर आदी वायच पाणी शिप गो, मगे आत घे," कौस्तुभच्या आईने कामवाल्या पोरीला हाक मारून सांगितलं. ते इतक्या सहज सांगितलं, की कौस्तुभलाही ऐकू आलं नाही. जन्मापासून ऐकलेली गोष्ट कानाला लागत नाही.

कौस्तुभ हा सत्यवानांचा मुलगा. मालवणात शिक्षक, आणि जिल्ह्यात ठाऊक झालेला तो पथनाट्यवाला म्हणून. गरिबी आणि विषमता या विषयावर त्याने नाटक बसवलं होतं, 'वाढा हो वाढा'. रेशनच्या दुकानात परत पाठवलेली बाई, दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलेला म्हातारा, फीपायी शाळा सुटलेली मुलगी. एक ढोलकी आणि चार माणसं एवढ्यावर अडतीस प्रयोग झाले होते. पेपरात फोटो आला होता. सत्यवानांनी तो कापून देवघराच्या दाराला चिकटवला होता, म्हणजे बाप काही वैरी नव्हता.

"औंदा माझे गुडघे धरलेत," सत्यवान चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "पयलो भात तू वाड. आणि नाटक कर बाबा, माझी ना नाय. पण पंगतीच्या आधी आटप."

समाराधनेचा पहिला भात मानकऱ्याच्या घरच्या पुरुषाने वाढायचा, हा रिवाज. त्याचा भात पानावर पडला, की मागून वरण, उसळ, खीर. ज्या पानावर भात पडला नाही, त्या पानाकडे मागचे वाढपी बघतसुद्धा नाहीत.

कौस्तुभने मान डोलावली. खरं तर त्याला तेव्हाच एक गोष्ट बापाच्या कानावर घालायची होती. आठ दिवस ती त्याच्या जिभेवर होती, आणि आठही दिवस त्याने ती चहाबरोबर गिळली होती.

ती गोष्ट अशी. त्याच्या नाटकात रेशनवाली बाई करायची सुगंधा. ती खालच्या वाडीतली होती. नवरा वारलेला, काजूच्या कारखान्यात बिया सोलायचं काम. टरफलातल्या तेलाने बोटांची टोकं काळी पडलेली. शाळा सातवीपर्यंत, पण प्रयोगात ती नुसती उभी राहिली, तरी समोरची माणसं चूप व्हायची. गटात सगळ्यांनी एकमेकांना अरेतुरे करायचं, असा कौस्तुभने नियम घातला होता. गावोगावी सगळे एकाच डब्यातून जेवायचे. तेवढ्यावर त्याला वाटायचं, आपण बरंच काही केलं.

आठ दिवसांपूर्वी शाळेच्या पडवीत तालीम संपल्यावर सुगंधा पदराला हात पुसत म्हणाली होती, "कौस्तुभ, नाटकात रेशन आसा, दवाखानो आसा, शाळा आसा. आमची पंगत खंय आसा?"

कुठली पंगत, हे त्याने विचारलं नाही. समाराधनेला गाव सभामंडपात बसायचं आणि खालची वाडी देवळाच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, फणसाखाली, घरून आणलेल्या ताटल्या घेऊन. गावाच्या पंगती उठल्या, की उरलेलं तिकडे जायचं. कुणी कुणाला शिवी देत नसे, कुणी हाकलत नसे. सगळं कसं प्रेमाने चालायचं.

"ता घालूया, सुगंधाताई," तो म्हणाला. "पण ह्या गावात नको. बाबा मानकरी. प्रयोगच बंद पडात. फुडच्या गावात घालू."

"फुडच्या गावात माका सगळेच वाढतत," ती म्हणाली. "माका हंय जेवचा आसा."

मग तिने लेकीचं सांगितलं. अपेक्षा एकोणीस वर्षांची, कुडाळला नर्सिंगला. तीन वर्षं ती समाराधनेला घरी आली नव्हती. ताटली घेऊन बाहेर बसायची लाज वाटते, म्हणाली होती. "पंचवीस वर्सां मी फणसाखाली जेवलंय, माझा काय नाय. पण चेडवाक तरी एकदा गावात जेवंदे."

कौस्तुभने तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. भला माणूस होता तो, आणि भला माणूस शब्द लवकर देतो. "नाटकात नको, खरोखरच बसूया," तो म्हणाला. "प्रयोग झालो की सगळो गट एका पंगतीक बसतलो. अपेक्षाक बोलाव. बाबांका मी सांगतंय."

"सांगतलंस मां?"

"सांगतंय म्हटलंय मां!"

आणि त्याने सांगितलं नाही. त्या सकाळी बापाने भाताचा मान दिला, तेव्हा तर त्याला सुटल्यासारखंच वाटलं. भात वाढायचा डाव आपल्याच हातात असणार. आपण गुपचूप वाढून टाकलं, तर वाढलेल्या भाताला कोण काय बोलणार? मग आधी बोलून वाईटपणा कशाला घ्या? मानकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसालाच असा हिशेब सुचतो. रिवाज मोडायचा तोही रिवाजाच्या आडून.

अकराच्या सुमारास देवळासमोर ढोलकी वाजली. गटातल्या धनेशचा हात त्या दिवशी छान लागला होता. रेशनच्या दुकानाचा प्रवेश आला. यंत्रावर बोट उमटत नाही म्हणून सुगंधाला परत पाठवतात, ती पुन्हा बोट पुसते, पुन्हा ठेवते. तिने आपली खरी काळी बोटं लोकांसमोर धरली, तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"सुगंधान रडवल्यान गो," एक म्हणाली.

सत्यवान खांबाला टेकून खुर्चीवर बसले होते. त्यांनी उपरण्याने डोळे टिपले, ते खोटं नव्हतं. प्रयोग संपल्यावर दुसरे मानकरी हरिश्चंद्र यांनी गटाला नारळ दिला आणि गरिबीचं दुःख आपल्या गावाला कसं कळतं, यावर शुद्ध मराठीत दोन शब्द सांगितले. टाळ्या वाजल्या. सुगंधाही तिथेच हात जोडून उभी होती.

मग पानं मांडली गेली.

धनेश बसला. गटातली तन्वी बसली, ओंकार बसला. त्यांच्या शेजारी सुगंधा बसली आणि तिच्या पलीकडे अपेक्षा. पोरगी निळा ड्रेस घालून आली होती, केसांत अबोलीचा गजरा होता. खालच्या वाडीची बाकीची माणसं गडग्याबाहेरून बघत होती. त्यांच्या मांडीवर ताटल्या होत्या.

"नाटक अजून सरला नाय काय गो?" समोरच्या पंगतीतून कुणीतरी म्हणालं, आणि चार माणसं हसली. हसू विरलं तेव्हा सगळ्यांना समजलं होतं, की नाटक कधीच सरलेलं आहे.

कौस्तुभ भाताची बालदी घेऊन आतून आला. पंगतीत काय चाललंय, ते त्याला एका नजरेत कळलं. त्याने बापाकडे पाहिलं. सत्यवानांनी डोळे वटारले असते, तर बरं झालं असतं. मग त्याच्या अंगात थोडं वारं तरी भरलं असतं. ते नुसते गोंधळलेल्या म्हाताऱ्यासारखे बघत राहिले, पोरगा आता आपलं नाक कापतो की राखतो, असे.

तो वाढू लागला. धनेश. तन्वी. ओंकार. डाव बालदीत गेला, भरून वर आला. खाली सुगंधाचं पान होतं. तिने रीतीप्रमाणे पानावर पाणी शिंपडून ते पुसून घेतलं होतं. तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, काळजीही नव्हती. त्याने सांगितलंय, असंच ती धरून चालली होती.

"कौस्तुभ, फुडे हो," हरिश्चंद्र मऊ आवाजात म्हणाले. ताप आलेल्या पोराला औषध पाजताना बोलतात, तसं.

आणि कौस्तुभ पुढे झाला. दोन पानं ओलांडून त्याने तिसऱ्या पानावर भात वाढला. अडतीस गावांत ओरडून ओरडून विषमतेबद्दल सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून एक शब्द आला नाही. मागून वरण आलं, उसळ आली, खीर आली. दोन पानं हिरवीगार राहिली.

धनेशने मान खाली घालून भात कालवला. तन्वीच्या डोळ्यांतून पाणी पानावर पडत होतं आणि ती जेवत होती. पानावरून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

"आये, ऊठ," अपेक्षा दातओठ खाऊन म्हणाली.

"बस. पंगत उठल्याबिगर उठाचा नसता," सुगंधा म्हणाली.

ती बसून राहिली. श्लोक झाला, आग्रह झाला, खिरीची बालदी तीनदा फिरली. दीडशे माणसं तिच्यासमोर पोटभर जेवली आणि एकाच्याही घशात घास अडकला नाही. पंगत उठली, तेव्हा तिने आपलं रिकामं पान नीट घडी केलं, लेकीचं घडी केलं, आणि दोन्ही हातांत घेऊन ती सगळ्यांच्या मधून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी कौस्तुभ खालच्या वाडीत गेला. मधल्या दोन दिवसांत त्याने फोनवर एक लांबलचक मजकूर लिहिला होता, आपल्याला कशी शरम वाटते त्याबद्दल. सातशे लोकांनी त्याखाली हृदयं पाठवली होती.

सुगंधा अंगणात बांबू चिरत बसली होती. कारखान्यातून तिला निरोप आला होता, सध्या काम कमी आहे, बोलावू तेव्हा ये. अपेक्षा उंबऱ्यावर होती. त्याला बघून ती आत गेली.

"माका माफ कर, सुगंधाताई," तो म्हणाला. "मी बाबांका सांगूकच नाय. माझ्यान झाला नाय."

"चेडवान वाचून दाखवल्यान तू लिवलंस ता," सुगंधा कोयती न थांबवता म्हणाली. "बरां लिवलंस. रडाक येय असा."

मग तिनेच सांगितलं. येत्या बाजाराच्या दिवशी आचऱ्याच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, प्रयोग लावलाय. धनेशला घरच्यांनी बंदी घातली, ओंकारला परीक्षा आठवली. तन्वी आहे, अपेक्षा आहे, ती स्वतः आहे. आणि पंगतीचा प्रवेश आहे.

"मी लिवन देतंय," कौस्तुभ घाईघाईने म्हणाला. "आजच देतंय."

"लिवूक काय आसा त्याच्यात? कोण बोलताच नाय."

"पण वाढपी कोण करतलो?"

सुगंधाने कोयती बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. "तू. तुका तालीम नको."

हे ऐकून तो उठून गेला असता, तरी कुणी त्याला अडवलं नसतं. तो गेला नाही. एवढं एक त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

बाजाराच्या दिवशी तिठ्यावर भर दुपारी पानं मांडली. बालदीत खरा भात होता, सुगंधाने घरून शिजवून आणलेला. कौस्तुभ वाढत आला. तन्वीच्या पानावर वाढला. डाव भरून वर आला, सुगंधाच्या पानावर थबकला आणि पुढे गेला. अपेक्षाचं पान ओलांडलं. जमलेली माणसं हळूहळू गप्प झाली. मासे विकून उठलेली एक म्हातारी पुढेच उभी होती. तिने हातातली टोपली दाणकन खाली ठेवली.

"अरे मेल्या, तिका वाड ना!" ती ओरडली. "हात मोडलो काय तुझो?"

मग दुसरं कुणी ओरडलं, तिसरं ओरडलं. वाड, वाड, असा सगळ्या तिठ्यावर गलका उठला. कौस्तुभला थांबायची मुभा नव्हती. प्रवेश तसाच होता. तो शिव्या खात, बालदी घेऊन पुढच्या पानाकडे चालत राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि लोकांना वाटत होतं, पोरगा काम बरं करतो.

त्या म्हातारीच्या गावातही देऊळ असेल, समाराधना असेल, गडग्याबाहेर बसणारी माणसं असतील. तिथे ती कधी अशी ओरडली का, ठाऊक नाही. पण कौस्तुभच्या गावात, त्या दिवशी सभामंडपात, हीच शिवी एकाने जरी घातली असती, तरी कदाचित त्याचा हात खाली आला असता. कुणी घातली नाही. दीडशे माणसं होती, आणि सगळ्यांच्या तोंडात घास होता.