उजव्या हाताला

“पेन आहे ना तुह्याजवळ?” शांताबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“आहे, आई.”

“साहेबाजवळ मागू नको. आपलं असलं म्हणजे बरं.”

रीना क्वार्टरच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती. समोर फाटक होतं, फाटकाला लागून तिकिटाची खिडकी, आणि मागे झाडांतून दिसणारा कोसमडीहचा तलाव. तलावाकाठी जुन्या विहाराचे अवशेष. या फाटकावर तिचे वडील, दयाराम रामटेके, चौतीस वर्षं चौकीदार होते. गेल्या महिन्यात एका सोमवारी फाटक उघडायच्या आधी ते आत फिरायला गेले, आणि आठ वाजता तलावाकाठच्या बाकावर बसलेले सापडले. बसलेलेच. बघणाऱ्याला आधी वाटलं, पाणी बघत आहेत.

आज खात्याचे साहेब अनुकंपा नियुक्तीचे कागद घेऊन येणार होते. रीनानं सही केली तर वडिलांची जागा तिला मिळणार होती आणि आईला या दोन खोल्यांत राहता येणार होतं. नाही केली तर महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या करायच्या.

सही करायची म्हणजे रायपूर सोडायचं. तिथल्या शाळेची लायब्ररी, जिथली प्रत्येक पुस्तकाची जागा तिला अकरा वर्षांत डोळे मिटून सांगता येऊ लागली होती. तात्यापारा मोहल्ल्यातली तिसऱ्या मजल्यावरची खोली, जिच्या खिडकीखाली शिंप्याचं मशीन दिवसभर खडखडत असे आणि जिथे तिला कुणी ‘दयारामची पोट्टी’ म्हणत नसे. एकेचाळिसाव्या वर्षी तिच्याकडे तेवढंच होतं, पण ते तिचं तिनं मिळवलेलं होतं.

आईला खोलीवर न्यायचं तिनं सुचवून पाहिलं होतं.

“तिथं मी भिंतीशी बोलू काय? अन् तीन जिने कोण चढवते मले, या गुडघ्यायनं? तू?” शांताबाई म्हणाल्या होत्या. विषय तिथे संपला होता.

काल पुण्याहून लोकेशचा फोन आला. या धाकट्या भावाला घरातली मराठी सगळी समजत असे, पण बोलायचा हिंदीत.

“दीदी, सरकारी नौकरी है. लोग तरसते हैं.”

“मग तू ये ना.”

“मैं? मेरा तो यहाँ सब सेट है, दीदी.”

“हो ना,” रीना म्हणाली. “माझंच काही सेट नव्हतं.”

त्यानं आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल विचारलं.

दहाच्या सुमाराला फाटकाशी एक गाडी थांबली. रायपूरच्या चौबे कॉलनीतले सकाळी एकत्र फिरायला जाणारे सात जण होते, सगळे साठीच्या पुढचे. त्याच वेळी साहेबांचा फोन आला. “मैडम, मुझे आधा घंटा लगेगा. तब तक इन लोगों को घुमा दीजिए. आपको तो सब पता ही है.”

तिला सगळं माहीत होतंच. सातव्या वर्षापासून.

वाटेच्या सुरुवातीला हिंदी पाटी होती : सुगम पथ, दीड किलोमीटर. खाली लिहिलं होतं की वाटेत चढ नाही, पायऱ्या नाहीत, वृद्धांनाही सहज चालता येईल. पाटीच्या पुढे लोखंडी खांबावर पत्र्याचा पिवळा बाण. असे चौदा बाण वाटभर होते, दोन वर्षांपूर्वी लावलेले. रीना बाणाच्या दिशेनं चालू लागली आणि माणसं तिच्या मागे.

कोसम आणि करंजाची सावली दाट होती. पाण्याचा वास येत होता. यशवंतराव नावाचे निवृत्त बँकवाले तिच्या बरोबरीनं चालत होते आणि दर दहा पावलांनी प्रश्न विचारत होते.

“या बारक्या खोल्या कसल्या हो?”

“भिक्खूंच्या. एका खोलीत एक जण.”

“इतक्याशा जागेत? पाय तरी पसरता येत होते का?”

“येत असतील,” रीना म्हणाली. “सवयीनं.”

पुढे विटांचा कमरेइतका उंच गोल ढिगारा आला. तो स्तूप. वाट त्याला डाव्या हाताला ठेवून वळसा घालत होती. मंडळींनी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढला. मग तलावाचा काठ आला. यशवंतरावांच्या पत्नी सुशीलाबाई बाकावर टेकल्या.

“किती सोयीच्या जागी ठेवलाय बघा बाक. अगदी पाण्यासमोर. बस ना ग तूपण.”

“नको, मी उभी बरी आहे,” रीना म्हणाली.

फेरी संपवून मंडळी गाडीत बसून गेली. भीमाबाई वाटेवरचा पालापाचोळा झाडत होती. भंडाऱ्याकडून खोदकामाच्या मजुरीला आलेल्या टोळीत दयारामबरोबर तीही होती. बाकीचे परत गेले, ही दोघं राहिली.

“झाला एक,” ती खराटा थांबवून म्हणाली.

“काय एक, मावशी?”

“उलटा फेरा. तुहा बाबा असता तर उद्या सकाळी एक सुलटा मारला असता.”

“सुलटा म्हणजे?” रीनानं विचारलं.

“तुले नाही मालूम? मले वाटलं, तुले सांगतलं असन.” भीमाबाईनं पदरानं तोंड पुसलं. “पहिले तो लोकायले तिकडून, कँटीनच्या बाजूनं नेत होता, स्तूप उजव्या हाताले ठेवून. मंग हे बाण लागले. लोक कँटीनमधून बाहेर पडले पाहिजे म्हणून उलटे लावले. तो काय बोलणार? बाण म्हणते तसं फिरवे लोकायले. पण दिवसभरात जितके गट फिरवले, तितके फेरे दुसऱ्या दिवशी अंधारातच एकटा मारे. सुलटे.”

“बाबा असलं काही मानत नव्हते. घरात अगरबत्ती लावू देत नव्हते आईला.”

“मीबी तेच म्हटलं त्याले. काय पुण्य कमावून राहिला, बुढ्या? तर म्हणे, पुण्य गेलं चुलीत. वडीलधाऱ्या माणसाले कोणी डाव्या हाताले टाकून जाते काय? म्हणे, लोकायले मालूम नाही. मले तर मालूम आहे.”

“नुसत्या स्तूपाभोवती फिरले असते तरी झालं असतं.”

“हव. पण तो म्हणे, लोक पुरे फिरले, तर मी अर्धा काहून फिरू?”

रीना पाटीजवळच्या दगडावर बसली. डॉक्टरांनी वडिलांना रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. रायपूरच्या पंडरी बाजारातून तिनंच त्यांना बूट घेऊन दिले होते. दोन महिन्यांत त्यांचे तळ झिजलेले पाहून तिला बरं वाटलं होतं. आपलं ऐकतात म्हणून. थंडीत रविवारी सात-आठ गट येत. आठ गट म्हणजे बारा किलोमीटर. आणि ते गेले तो सोमवार होता.

“कुणाला सांगितलं का नाही त्यांनी?”

“कोणाले सांगाव?” भीमाबाईला प्रश्नच कळला नाही. “साहेबायनं लावलेले बाण होते, बाई.”

यज्ञेश्वर साहू साहेब आले तेव्हा साडेअकरा झाले होते. पन्नाशीचा, घामाघूम, भला माणूस. त्यांनी तिकिटाच्या खोलीत टेबलावर कागद पसरले, दयारामबद्दल दोन चांगले शब्द बोलले, आणि ते मनापासून होते.

“सर, पहले एक बात,” रीना म्हणाली. “वो तीर उल्टे लगे हैं.”

तिनं थोडक्यात सांगितलं. फेऱ्यांचं नाही सांगितलं. फक्त स्तूप कुठल्या हाताला असावा तेवढं.

“अच्छा?” साहेब म्हणाले. “तो घुमा दीजिए. दो नट ही तो हैं. लोगों को गोल घूमना है, इधर से घूमें या उधर से.”

“कँटीन?”

“कैंटीनवाला तो पिछले साल ही भाग गया.” ते हसले, मग तिचा चेहरा बघून थांबले. “दयाराम ने कभी बोला ही नहीं. बोलता तो उसी दिन करवा देता.”

ते खरं होतं. त्यांनी त्याच दिवशी करवून दिलं असतं. रीनाला त्यांचा राग येईना, आणि दुसऱ्या कुणाचा करायचा ते समजेना. चौतीस वर्षं एक माणूस या टेबलासमोर उभा राहिला आणि त्याला एक वाक्य बोलता आलं नाही. आपल्याला येतं, असं तिला वाटलं. तिनं दुसरं वाक्यही बोलून पाहिलं.

“सर, मैंने ज्वाइन नहीं किया तो माँ यहाँ कुछ महीने रह सकती है क्या? जब तक मैं नीचे की मंज़िल पर कमरा देखूँ.”

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

“तीर मेरे हाथ में है, मैडम,” ते म्हणाले. “क्वार्टर मेरे हाथ में नहीं है.”

खिडकीतून पायरी दिसत होती. शांताबाई गुडघ्यावर हात ठेवून इकडेच बघत बसल्या होत्या. रीनानं कागद ओढून घेतला. मृत कर्मचाऱ्याशी नाते या ओळीपुढे तिनं ‘पुत्री’ लिहिलं. मग साहेबांनी बोट ठेवलं त्या चारही ठिकाणी सह्या केल्या. अक्षर चांगलं आलं.

दुपारी जेवण झाल्यावर तिनं बाबांच्या सायकलच्या पिशवीतून पाना काढला आणि ती पहिल्या खांबापासून सुरू झाली. भीमाबाई बाण धरायची, रीना नट सैल करायची, पत्रा फिरवायची, पुन्हा आवळायची. एका बाणाला पाच मिनिटं पुरत होती. स्तूपाजवळ, भिक्खूंच्या खोल्यांजवळ, बाकाजवळ.

“उद्यापासून तूच नेशीन काय लोकायले?” भीमाबाईनं मध्येच विचारलं.

“सोमवारपासून. आधी शाळेत सांगायला जाईन.”

“अन् तुही खोली?”

“सोडीन.”

चौदावा बाण फाटकाच्या दुसऱ्या अंगाला, बंद कँटीनच्या शेजारी होता, जिथे वाट झाडांतून बाहेर पडून सडकेला मिळत होती. त्याचं टोक सडकेकडे होतं. रायपूरची बस तिथेच थांबते. दिशा फिरल्यावर आता इथून सुरुवात होणार होती, म्हणजे हा बाण आत वळवायला हवा होता.

रीना त्याच्यासमोर पाना हातात घेऊन उभी राहिली. ऊन उतरलं होतं. बस आली, दोन माणसं उतरली, ड्रायव्हरनं तिच्याकडे बघून हॉर्न दिला. तिनं नाही म्हणून मान हलवली. बस गेली.

“याचा नट गंजला आहे,” भीमाबाई म्हणाली. “राहू दे. उद्या पाहू.”

“नको. एक जरी उलटा राहिला तरी लोक गोंधळतील.”

तिनं पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला. दोनदा घसरला, बोटाचं साल निघालं, तिसऱ्यांदा नट कुरकुरत सुटला. पत्रा सैल होऊन तिच्या हातात आला. तिनं तो फिरवून टोक झाडीकडे केलं, एक नट आवळला, मग दुसरा. मग हलत तर नाही ना हे बघायला तिनं बाण दोन्ही हातांनी धरून जोरानं ओढून पाहिला.

तो हलला नाही.