दोन मुठींची करवत

मित्रांनो, मला एकट्याने चालवता येत नाही. मी एक जुनी, लांब पात्याची, दोन मुठींची करवत आहे. एकाने ओढायचे, दुसऱ्याने हात सैल सोडायचा, मग त्याने ओढायचे. असे जुळले तरच मी कापते.

मी दक्षिण अमेरिकेतल्या तितिकाका सरोवरावर राहते. आमचे बेट मातीचे नाही, लव्हाळ्याचे आहे. पाणी चढले की लव्हाळ्याच्या मुळांचे जाड थर तरंगून वर यायचे. मी त्यांचे ठोकळे कापायची. ते दोरांनी बांधून ठेवले की हळूहळू मुळांत मुळे गुंतून सगळे एकजीव व्हायचे. वर हिरवा लव्हाळा अंथरला की झाले अंगण! सातुर्निनोने आपले बेट असेच उभे केले. माझी एक मूठ त्याच्या थोरल्या लेकीच्या, एउसेबियाच्या हातात असायची आणि दुसरी धाकट्या प्रिमितिव्हाच्या.

"ढकलू नकोस गं, नुसती ओढ!" थोरली ओरडायची.

"तूच ओढतेस म्हातारीसारखी!" धाकटी खिदळायची.

संध्याकाळी त्यांची आई, इलारिया, माझ्या दातांतला चिखल काढून मला तेलाचे बोट लावायची. "दमलीस ना?" असेही विचारायची.

पुढे सातुर्निनो वारला. पैसे देऊन बेट बघणाऱ्या पाहुण्यांच्या बोटी येऊ लागल्या. एके सकाळी बोट थोरलीच्या दारात लागली आणि धाकटीने पाहुण्यांना हात धरून आपल्या झोपडीत नेले.

"माझ्या दारातली माणसं पळवतेस?"

"तुझं तोंड बघूनच पळाली ती!"

"मग काढ करवत!"

आमच्याकडे हे शब्द एकदा तोंडातून गेले की कुणी मागे घेत नाही. भांडण मिटेना तर बेट कापायचे आणि आपला तुकडा घेऊन दूर जायचे, ही इथली रीत. इलारियाने मला लव्हाळ्याच्या भाऱ्याखाली लपवले होते, तरी धाकटीने शोधून काढले.

दोघी समोरासमोर बसल्या. रागाने दोघीही एकदमच ओढत होत्या, त्यामुळे मी जागची हलेना. मग हातांना जुने आठवले. खर्र... खर्र... अगदी एका लयीत.

आई मधोमध बसली होती. "इतकं जुळतंय तुमचं, मग कापता कशाला गं पोरींनो?"

हात थांबले. मला वाटले, आता मला खाली ठेवतील.

"आई, तू बाजूला हो," थोरली म्हणाली.

"कुठल्या बाजूला?"

थोरलीने मूठ घट्ट धरली आणि ओढली. मी पुन्हा चालू लागले.

आई जागची उठली नाही. चूल धाकटीच्या बाजूला होती, म्हणून काप आईला वळसा घालून गेला आणि ती धाकटीकडे राहिली. थोरलीचा तुकडा दूर लव्हाळ्याआड गेला.

आता माझ्यावर गंज चढला आहे. पाहुणे आले की प्रिमितिव्हा मला भिंतीवरून काढते. "आमच्यात भांडण झालं की असं!" सगळे हसतात. एखादा पाहुणा हौसेने माझी दुसरी मूठ धरतो आणि फोटोसाठी जोर लावतो.

"ढकलू नका, नुसती..." परवा तिच्या तोंडून निघाले, आणि तिने मूठ सोडून दिली.

पलीकडे इलारिया कापलेल्या कडेशी बसलेली असते. सगळीकडे नवा लव्हाळा अंथरतात, पण ती कड तिने उघडीच ठेवायला लावली आहे. "झाकू नका. ती परत आली तर मुळांना मुळं लागायला हवीत," म्हणते.

मित्रांनो, मला तेल नको, धारही नको. तुमची दुसरी मूठ ज्याच्या हातात आहे, त्याला तेवढे जपा. माझी दुसरी मूठ अजून वाट बघते आहे.